फिरतीवरचं जेवण : नव्याने फिरतीची नोकरी लागलेल्यांसाठी

फिरतीवर पोट बिघडलं की आपण आधी हॉटेलला दोष देतो. कळकट होतं, तेल जुनं होतं, आचाऱ्याचे हात कसे होते कोण जाणे. बॉयलर आणि पंपांच्या सर्व्हिसिंगसाठी मी बरीच वर्षं साखर कारखान्यांत, डिस्टिलऱ्यांत, एमआयडीसीत फिरतो आहे, आणि बरोबर आलेल्या नव्या मुलांची दुखणी जवळून पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक दुखणी अवेळी जेवल्यामुळे आलेली होती. सकाळी नुसत्या चहावर निघायचं, दुपारचं जेवण काम संपेपर्यंत ढकलायचं, चार वाजता जे उघडं दिसेल तिथे बसायचं आणि सकाळी अकराला शिजलेला भात, तेव्हापासून कोमटच राहिलेली आमटी खायची. त्याच हॉटेलात साडेबाराला गेला असता तर वाफाळतं ताट मिळालं असतं.

म्हणून पुढे जे सांगतो आहे त्याचा गाभा एवढाच, की ज्या गावात आहात त्या गावाच्या जेवणाच्या वेळेला जेवा. बाकीची तयारी ती वेळ कशी साधायची आणि ती हुकली तर काय करायचं, यासाठी.

पहिलं पाऊल : टूर प्रोग्रॅममध्ये जेवणाचा रकाना

टूर प्रोग्रॅम करताना आपण गाडी, पार्टी (म्हणजे ज्यांच्याकडे कामाला जायचं ते गिऱ्हाईक), काम आणि मुक्काम लिहितो. त्याच कागदावर आणखी एक रकाना करा आणि रोजच्या तीन जेवणांपुढे कुठे आणि किती वाजता ते लिहा. नक्की माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. ज्या दिवशी दोन प्रश्नचिन्हं येतील, त्या दिवसाचा डबा घरून किंवा आदल्या मुक्कामावरून न्यायचा हे तिथेच ठरतं.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे रात्री उशिरा पोचण्याची. साडेआठला पोचणारी गाडी अकराला पोचते. तालुक्याच्या गावात तोवर खानावळींची भांडी घासून झालेली असतात, लॉजवाला म्हणतो, "आता फक्त स्टँडवर मिळेल", आणि स्टँडवर मिळतात ते संध्याकाळचे गार वडे. निघतानाच लॉजवर फोन करून विचारा : जवळचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, उशीर झाला तर एक पार्सल आणून ठेवाल का? बहुतेक ठिकाणी काउंटरवरचा माणूस आनंदाने हो म्हणतो. पार्सल सांगताना मात्र भाकरी किंवा चपाती, सुकी भाजी आणि चटणी सांगा. वरण-भात तीन तास पिशवीत बांधून ठेवायची गोष्ट नाही.

उपवास करणाऱ्यांनी हा रकाना जास्तच काळजीने भरावा. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि चंद्रोदय बरेचदा रात्री नऊच्या आसपास किंवा त्यानंतर असतो. छोट्या गावात तेव्हा स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं. संध्याकाळी सातलाच खानावळीत जाऊन ताट झाकून ठेवायला सांगा. महाराष्ट्राबाहेर साबुदाण्याची खिचडी मिळेलच असं धरून चालू नका. राजगिऱ्याचे लाडू, खजूर बरोबर ठेवा, केळी आणि दूध बहुतेक कुठेही मिळतं.

दुसरं पाऊल : पिशवीत काय असावं

आपल्याकडे प्रवासाला निघणाऱ्याबरोबर तहानलाडू-भूकलाडू द्यायची रीत होती, आणि त्यामागचा विचार आजही पक्का आहे. टिकाऊ, कोरडं, थोडक्यात पोट भरणारं खाणं. त्यात दशमीसारखा पदार्थ दुसरा नाही. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन दिवस सहज मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. गूळपोळी त्याहून जास्त टिकते. सोलापूरकडे फिरती असेल तर कडक भाकरी विकत घेऊन ठेवा, ती कित्येक दिवस चालते आणि शेंगाचटणी-दह्याबरोबर पूर्ण जेवण होतं. सांगली-जयसिंगपूर भागात भडंग मिळतो. तो तिथल्या फिरतीचा आधार आहे, पण जेवणाऐवजी सतत भडंगच खाल्ला तर ॲसिडिटी होणार हे नक्की.

माझ्या पिशवीत कायम असतं ते असं : चणे-शेंगदाणे, खजूर, मेतकुटाची छोटी डबी, घट्ट झाकणाचा रिकामा स्टीलचा डबा, चमचा, लिटरची पाण्याची बाटली आणि ओआरएसची चार पाकिटं. रिकामा डबा नवी मुलं नेत नाहीत. दुपारी चांगलं जेवण मिळालं की त्याच खानावळीतून संध्याकाळसाठी दोन भाकऱ्या आणि सुकी भाजी त्यात भरून घेता येते, प्लास्टिकच्या पिशवीतली गरम भाजी हातात धरून फिरावं लागत नाही. मेतकूट पोट बिघडल्यावर कामाला येतं. मऊ भात आणि मेतकूट हे आजाऱ्याचं जेवण कुठल्याही परगावी तयार होऊ शकतं, भात तेवढा मागायचा.

विमानाने जाणार असाल तर ओली लोणची, तूप, पातळ चटण्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत अडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे त्या सहज पेट घेऊ शकतात, म्हणून सामानातून काढायला लावतात.

मधुमेह असलेल्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी रक्तातली साखर अचानक उतरली तर खायला म्हणून साखर किंवा गोड बिस्किटं खिशात ठेवावीत, बॅगेत नको. बॅग गाडीच्या डिकीत असते आणि गाडी घाटात अडकलेली असते. औषधाची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा मेळ कसा घालायचा हे फिरती सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तपशिलात विचारा. "मी महिन्यातले अर्धे दिवस बाहेर असतो" हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तिसरं पाऊल : गाडीत आणि थांब्यावर

रेल्वेत पॅन्ट्रीवाल्याची वाट पाहण्यापेक्षा आयआरसीटीसीची ई-कॅटरिंग सेवा वापरायला शिका. पीएनआर टाकला की पुढच्या स्टेशनांवरच्या हॉटेलांची यादी येते, जेवण जागेवर येतं. १३२३ या क्रमांकावर फोन करूनही मागवता येतं. स्टेशन निवडताना दोन गोष्टी बघा. गाडी तिथे जेवणाच्या वेळेला पोचते का, आणि थांबा पुरेसा आहे का. दोन मिनिटांच्या थांब्यावर डबा शोधता शोधता गाडी सुटते. गाडी आधीच उशिरा धावत असेल तर कोरडं जेवण मागवा. आमच्या एका सहकाऱ्याने दुपारी एकसाठी दहीभात आणि पनीरची भाजी मागवली होती, गाडी सिग्नलला अडकली आणि ताट हातात पडलं ते चार वाजता, मे महिन्यात. ते त्याने खाल्लं आणि पुढचा आख्खा दिवस लॉजवर काढला.

मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यांसमोर २० रुपयांत पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी मिळते. हे साधं जेवण मला थंड बिर्याणीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. भुसावळ-जळगावकडे केळी घ्या. सालीतलं फळ हे फिरतीवरचं सगळ्यात निर्धोक खाणं, कापून ठेवलेलं फळ नाही.

एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ठरलेल्या थांब्यांवर थांबतात. अधिकृत थांब्यावर तिकीट दाखवलं की ३० रुपयांत चहा आणि एक नाश्ता द्यायची महामंडळाची योजना आहे. फलक दिसला नाही तरी विचारा. थांबा पंधरा-वीस मिनिटांचा असतो, त्यामुळे पूर्ण ताट मागवून अर्धं टाकून पळण्यात अर्थ नसतो. कढईतून समोर निघालेली भजी, तव्यावरून उतरलेला डोसा, उकळता चहा, एवढंच घ्या. काचेच्या कपाटात रचून ठेवलेले वडे तळून किती वेळ झाला ते कळायला मार्ग नाही.

उसाचा रस, लिंबू सरबत घेताना बर्फ नको म्हणा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग टाकणं बंधनकारक आहे, म्हणून निळसर बर्फ दिसला तर तो खाण्याचा नाही हे नक्की. पण पांढरा दिसतो म्हणजे चांगल्या पाण्याचा आहे, असं काही म्हणता येत नाही.

आणि एक : लॉजवर पाणी गरम करायला किटली नेत असाल तर ती रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला लावू नका. ते नियमाबाहेर आहे आणि आगीचा धोका सगळ्या डब्याला आहे.

चौथं पाऊल : गावाचं घड्याळ ओळखा

नव्या गावात पोचलात की आधी तीन माणसांना जेवणाचं विचारा : लॉजचा काउंटरवाला, स्टँडसमोरचा औषधांच्या दुकानातला माणूस आणि पार्टीकडचा फिटर किंवा स्टोअरकीपर. "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारू नका, मग तुम्हाला एसी आणि लांबलचक मेनूकार्ड असलेल्या हॉटेलात पाठवतात. "तुम्ही बाहेर जेवता तेव्हा कुठे जेवता, आणि किती वाजता?" असं विचारा. तिघांच्या उत्तरांत एक नाव दोनदा आलं की तिथे जायचं.

मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि महाराष्ट्रीय, सगळं असेल, आणि हॉटेलात माणसं चारच दिसतील, तर तिथलं बरंचसं फ्रीजमधून येणार आहे हे समजून घ्या. याउलट दोन भाज्या, एक आमटी, भाकरी आणि भात एवढंच असलेली खानावळ साडेबाराला भरलेली असेल तर तिथलं पातेलं दर अर्ध्या तासाला रिकामं होतं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ राहतं तितके त्यात जंतू वाढतात. भाताचं विशेष आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दुपारी चार वाजता "गरम करून देतो" म्हणणारा खानावळवाला मनाने चांगला असतो, पण तो भात घेऊ नका. त्या वेळेला भाकरी ताजी थापून मागा, अंडी चालत असतील तर ऑम्लेट मागा. समोर ताजं होईल असंच काहीतरी.

आपल्याच राज्यात दर भागाची तब्येत वेगळी आहे. नागपूरला सावजी रस्सा खाणार असाल तर काम संपल्याच्या रात्री खा, आदल्या रात्री नको. काळ्या मसाल्याचा तो तिखटपणा सवय नसलेल्या पोटाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाणवतो. कमिशनिंगच्या, म्हणजे नवी यंत्रणा पहिल्यांदा चालू करण्याच्या, आदल्या रात्री सावजी जेवून सकाळी प्लँटवर उभं राहता न आलेला माणूस मी पाहिला आहे. नागपूरच्या सकाळच्या तर्री-पोह्यांत तर्री वेगळी घ्या, मग आपल्या अंदाजाने ओता. कोल्हापुरात तांबडा झेपत नसेल तर पांढरा रस्सा जास्त मागायला संकोच करू नका, कुणी काही म्हणत नाही. मिसळीचा कट वेगळा मागता येतो. खानदेशात शेवभाजीवर तेलाचा तवंग असतो, तो बाजूला करून खाल्ला तरी चव तीच राहते. जळगावकडे थंडीत जाणं झालं तर भरीत चुकवू नका.

कोकणात, समजा लोटे-परशुरामच्या बाजूला काम आहे आणि महिना जूनचा किंवा जुलैचा आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. त्या काळात फलकावर सुरमई-पापलेट लिहिलेलं असलं तरी ते बर्फातलं असण्याचीच शक्यता जास्त. "आज काय ताजं आलंय?" असं विचारलं की खाडीचं काही असेल तर कोकणातला हॉटेलवाला खरं सांगतो. नसेल तर त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ, घावन आणि सोलकढी घ्या. गैरसोय म्हणून नका घेऊ, ते फार चांगलं जेवण आहे.

नांदेडला रात्री उशिरा उतरलात आणि सगळं बंद दिसलं तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं लंगर लक्षात ठेवा. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, लागेल तेवढंच घ्यायचं आणि घेतलेलं टाकायचं नाही. कुणीही आलेलं चालतं.

पाचवं पाऊल : परराज्यात

बेळगाव ओलांडून बागलकोट, विजापूरच्या साखरपट्ट्यात गेलात की खानावळी अशीच पाटी दिसेल. लिंगायत खानावळींत ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगाचटणी, दही असं पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. घरापासून लांब असताना मला याच्याइतकं समाधान दुसऱ्या जेवणाने दिलेलं नाही. नव्या मुलांना मी आवर्जून पहिली परराज्यातली फिरती तिकडची देतो, भाषा वेगळी पण ताट ओळखीचं.

तमिळनाडूत वेळेचं गणित कडक आहे. 'मील्स' म्हणजे केळीच्या पानावरचं भाताचं पूर्ण जेवण, साधारण बारा ते तीनमध्येच मिळतं. त्यानंतर बरेच ठिकाणी इडली-डोशाची 'टिफिन'ची वेळ सुरू होते. तीन वाजता पेपर मिलच्या गेटबाहेर पडून 'मील्स' शोधलंत तर मिळणार नाही. बाराला सुट्टी मागून घ्या, तिथे ते सगळ्यांना समजतं. शेवटचा दहीभात सोडू नका, सांबार-रस्समच्या तिखटानंतर पोटाला तो हवाच असतो.

केरळात पेल्यात गुलाबी कोमट पाणी येतं. पाणी खराब नसतं, त्यात पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड उकळलेलं असतं. उकळलेलं असल्यामुळे टेबलावरच्या जगमधल्या साध्या पाण्यापेक्षा तेच बिनधास्त प्या.

बंगालमध्ये शाकाहारी माणसाने फार स्पष्ट बोलावं. तिथे पालेभाजीत किंवा डाळीत माशाचं डोकं घालायची जुनी आणि आवडती पद्धत आहे. हल्दियाला आमच्या एका शाकाहारी सहकाऱ्याने पोईच्या पाल्याची भाजी मागवली आणि तिसऱ्या घासाला काटा लागला. वाढणाऱ्याने फसवलं नव्हतं, त्याच्या दृष्टीने ती पाल्याचीच भाजी होती. 'निरामिष' हवं असं सांगा आणि मासा, अंडं यांची नावं घेऊन नको म्हणा. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर पहिल्या दिवशी तळलेलं कमी खा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातही बरेच ठिकाणी तेच तेल असतं.

पश्चिम उत्तर प्रदेशात, मुझफ्फरनगर-मेरठकडे, गळीत हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगची कामं निघतात. त्यातच श्रावण येतो. तिकडचे महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे, म्हणून त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. कावड यात्रेच्या, म्हणजे हरिद्वारहून गंगाजल आणणाऱ्या यात्रेकरूंच्या, त्या दिवसांत हरिद्वारच्या रस्त्यावरची वाहतूक वळवतात, मांसाहारी हॉटेलं बंद असतात, ढाब्यांवर कांदा-लसूणही नसतो. आपल्या कॅलेंडरवर आषाढ बघून निश्चिंत राहिलेला माणूस तिथे चार तास गाडीत अडकतो. त्या पंधरवड्यात पोटभर नाश्ता केल्याशिवाय आणि दोन बाटल्या पाण्याशिवाय गेस्ट हाउस सोडू नका.

सहावं पाऊल : कारखान्यात आणि पार्टीकडे

कारखान्याच्या गेस्ट हाउसवर उतरणार असाल तर आचाऱ्याचं नाव विचारून घ्या आणि दुपारी बाराच्या आत त्याला फोन करून सांगा, रात्री किती माणसं आहेत, शाकाहारी किती, तिखट किती चालेल. तो बाजार दुपारी करतो. सहा वाजता "आम्ही चौघं आहोत" असं सांगितलं की दोघांची भाजी चौघांत जाते आणि तो बिचारा ओशाळतो. येणार नसाल तरी तेवढ्याच तत्परतेने कळवा. शिजवून ठेवलेलं अन्न रात्री अकरापर्यंत झाकून बसणाऱ्या माणसाचा आपल्यावरचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

ब्रेकडाउन कॉल असला की रात्रभर बॉयलर हाउसला थांबावं लागतं. कॅन्टीन पाळीच्या वेळेला उघडतं, मधे फक्त चहा. रात्री नऊला गेस्ट हाउसवरून डबा घेऊनच आत जा आणि बाराच्या आत खा. त्या उकाड्यात घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं, नुसत्या चहावर रात्र काढली तर पहाटे पायात गोळे येतात. ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरून न्या.

आता आग्रहाबद्दल. आपल्याकडचा माणूस पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि ही ओढ खरी असते. डीलरच्या घरी जेवायला बसलात तर न जेवता उठणं त्याला लागतं. नकार द्यायचा तर ताट वाढायच्या आधी द्यावा. फोनवर वेळ ठरतानाच "मी मटण खात नाही" किंवा "मला दुपारी हलकंच लागतं" हे सांगून टाका. वाढून झाल्यावर सांगितलं की वहिनींची सकाळपासूनची मेहनत वाया जाते. पानावर बसल्यावर सावकाश जेवा, पान रिकामं दिसलं की वाढणं आलंच. "दुपारी शिडीवर चढायचं आहे काका, भात एवढाच" हे खरं कारण आहे आणि कारखान्याच्या गावात ते सगळे मानतात. तब्येतीची खोटी सबब सांगू नका, पुढच्या खेपेला ते आठवणीने विचारतात.

चहाचंही तसंच. दिवसात सात ठिकाणी गेलात तर सात चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. "अर्धाच द्या" म्हटलं तर कुणाला वाईट वाटत नाही. मी उन्हाळ्यात ताक मागतो, आणि ते आणताना लोकांना जास्तच आनंद होतो.

थंडीत शेतावर हुरड्याला नेतील. जरूर जा. हुरडा पोटाला जड असतो, बसल्या बसल्या अंदाजापेक्षा जास्त खाल्ला जातो. त्या दिवशी रात्रीचं जेवण सोडून द्या, नुसतं ताक प्या.

सातवं पाऊल : पोट बिघडलंच तर

जेवणानंतर काही तासांतच उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात तयार झालेल्या विषाचा तो परिणाम असतो आणि साधारण दिवसभरात उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालेले जुलाब, ताप, मुरडा हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. दोन्हींत पहिलं काम एकच : शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढायचे.

१९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. तेच ओआरएस आज काही रुपयांच्या पाकिटात मिळतं, पण ते नीट वापरलं तरच उपयोग. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ' सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा, दुकानात तशाच दिसणाऱ्या खोक्यांत गोड फळपेयंही असतात आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. मग पाकीट २०० मिलिलिटरचं आहे की लिटरचं ते वाचा. मोठं पाकीट, साधारण साडेवीस ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. आमच्या एका नव्या मुलाने लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून प्यायलं, लवकर बरं वाटेल म्हणून. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेतं, त्याचे जुलाब वाढले. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साखर सहा चहाचे चमचे सपाट आणि मीठ अर्धा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजा. उलटी होत असेल तर घोट घोट प्या, प्रत्येक जुलाबानंतर साधारण पेलाभर. केलेलं द्रावण चोवीस तासांनी टाकून द्या.

भूक लागली की मऊ भात-मेतकूट, पेज, ताक, केळं. उपाशी राहू नका. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घातक ठरू शकते. अँटिबायोटिकही मनाने नको.

शौचात रक्त, जास्त ताप, पाण्याचा घोटही पोटात न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, उभं राहिल्यावर अंधारी येणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी डॉक्टरकडे जा. लॉजच्या काउंटरवर सांगा, ते रिक्षा आणि माणूस दोन्ही देतात. खोलीचं दार आतून कडी लावून एकट्याने सोसत पडू नका. आणि अशा अवस्थेत साइटवर तर मुळीच जाऊ नका. पाणी कमी झालेला माणूस बॉयलर हाउसच्या उष्णतेत चक्कर येऊन पडतो आणि तिथे पडायला जागा चांगली नसते. पार्टीला फोन करून पोट बिघडल्याचं सरळ सांगा. एक दिवस काम लांबल्याने कुणाचं ऑर्डर जात नाही.

आठवं पाऊल : बिलं

डीए, म्हणजे फिरतीचा रोजचा भत्ता, ठरावीक असेल तर प्रश्न नाही. प्रत्यक्ष खर्च मिळत असेल तर बिल त्याच दिवशी मोबाइलमध्ये टिपून ठेवा, थर्मल कागदावरची शाई महिनाअखेरीपर्यंत उडते. बिलावर हॉटेलचा जीएसटी क्रमांक आहे का बघा. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के लागतो. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतला, हॉटेलवाला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, तशी पाटी त्याने लावलेली असते. 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे निर्देश काढले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

खानावळवाल्याकडे छापील बिल नसतं. ऑफिसला छापील लागतं म्हणून चांगली खानावळ सोडून एसी हॉटेलात जाणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं करू नका. पहिल्याच महिन्यात अकाउंट्समध्ये जाऊन विचारा की किती रकमेपर्यंत साधी पावती किंवा यूपीआयची नोंद चालते. बहुतेक ऑफिसांत अशी काहीतरी मर्यादा असते, आणि खानावळीचं ताट तिच्या आत बसतं.